दोष कानाचा : वॉल्टर कॉफमन यांच्या चरित्राची प्रस्तावना

वॉल्टर कॉफमन १९३४ साली मुंबईला का आले, याचे उत्तर त्यांनीच पुढे देऊन ठेवले आहे. गूढ पूर्वेची ओढ, उपनिषदांचा प्रभाव असले काही त्यात सापडेल या आशेने वाचणाऱ्याची निराशाच होईल. हिंदुस्थानचा व्हिसा सहज मिळत होता, म्हणून ते आले. तेव्हा त्यांचे वय सव्वीस वर्षांचे होते. मागे होता हिटलरच्या ताब्यात गेलेला जर्मनी, आणि आज ना उद्या त्याच वाटेने जाईल असे दिसणारा मध्य युरोप. थोडे दिवस राहावे, काय ते पाहावे आणि पुढचे पुढे ठरवावे, असा एकंदर बेत होता. प्रत्यक्षात ते मुंबईत बारा वर्षे राहिले, त्यातली नऊ वर्षे त्यांनी ऑल इंडिया रेडिओची नोकरी केली आणि उरलेले बहुतेक सारे आयुष्य अमेरिका खंडात काढूनही ते मुंबईत सुरू केलेलेच काम पुरे करत राहिले.

मराठी वाचकाला हे नाव माहीत असलेच, तर ते एकाच संदर्भात असते. आकाशवाणीचे प्रसारण सुरू होण्याआधी वाजणारी ती तंबोरा आणि व्हायोलिनची धून कोणा परदेशी ज्यू माणसाने बांधली, एवढे बहुतेकांच्या कानावर आलेले असते. ते खोटे आहे असे नाही. पण काही सेकंदांच्या सुरावटीवर एका मोठ्या माणसाची बोळवण झाली आहे. या पुस्तकाला त्या सुरावटीच्या मागेपुढे जे होते ते सांगायचे आहे.

कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी बोहेमियातल्या कार्ल्सबाड गावी झाला. आज ते गाव कार्लोव्ही व्हारी या नावाने चेक प्रजासत्ताकात आहे. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावी हवापालटासाठी येणाऱ्या श्रीमंत पाहुण्यांमुळे वाद्यवृंद आणि मैफली यांचा कायम राबता असे. तिथून ते बर्लिनला गेले आणि फ्रांट्स श्रेकर यांच्याकडे संगीतरचना शिकले. ब्रूनो वॉल्टर यांच्यासारख्या संचालकाच्या हाताखाली ऑपेरात उमेदवारी केली. मात्र आपल्या दृष्टीने त्यांच्या बर्लिनमधल्या शिक्षकांतले सर्वांत महत्त्वाचे नाव कुर्ट झाक्स यांचे. जगभरच्या वाद्यांचे जे वर्गीकरण आज संग्रहालये वापरतात, ते झाक्स आणि होर्नबोस्टेल यांनी १९१४ साली मांडले, आणि तत, सुषिर, अवनद्ध व घन या आपल्या चतुर्विध वर्गीकरणाशी त्याचे नाते उघड आहे. हिंदुस्थान व इंडोनेशियातील वाद्यांवर झाक्स यांचा स्वतंत्र ग्रंथही आहे. म्हणजे मुंबईचा किनारा दिसण्यापूर्वीच कॉफमन यांनी वीणा आणि मृदंग ही नावे वर्गात ऐकली असणार. फक्त त्यांचा आवाज कानांत शिरला नव्हता.

प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी संगीतशास्त्रातील डॉक्टरेटसाठी माहलरच्या सिम्फनींवर प्रबंध लिहिला होता. पदवी हाताशी आली असताना ती देणारे प्राध्यापक नाझी युवक संघटनेचे स्थानिक पुढारी असल्याचे त्यांना कळले आणि त्यांनी ती घेण्याचे नाकारले. या माणसाच्या स्वभावातला ताठरपणा ज्यांना समजून घ्यायचा आहे, त्यांनी ही हकिकत लक्षात ठेवावी. पुढे जगातल्या मान्यवर संगीतशास्त्रज्ञांत गणल्या गेलेल्या या माणसाने आपली डॉक्टरेट प्रागलाच सोडून दिली होती.

मुंबईत आल्यावर त्यांनी इथल्या संगीताच्या ध्वनिमुद्रिका आणवून ऐकल्या आणि त्यांना काहीच कळेना. सारे परके आणि अनाकलनीय वाटले. इथवर नवल काही नाही. त्यांच्या आधी आलेल्या शेकडो युरोपियनांचा अनुभव हाच होता आणि त्यातले बहुतेक जण तिथेच थांबले. गाणे बेसूर आहे, एकसुरी आहे, त्यात हार्मनी नाही, असे लिहून मोकळे झाले. कॉफमन यांनी मात्र वेगळा हिशेब मांडला. ज्या संगीतावर लाखो माणसे पिढ्यान् पिढ्या प्रेम करतात ते निरर्थक असूच शकत नाही. तेव्हा दोष असलाच तर आपल्या कानाचा. आणि कानाचा दोष घालवायचा तर जिथे हे गाणे गायले जाते तिथेच राहून ते शिकले पाहिजे. कॉफमन यांची प्रवासी, प्रसारक आणि लेखक अशी तिन्ही रूपे या एका निर्णयातून निघतात, असे मला वाटते, आणि पुस्तकाची मांडणीही मी त्याच धाग्याने केली आहे.

त्या काळची मुंबई अशा माणसाला सोयीची होती. त्यांच्या ओळखीचे मोहन भवनानी इथे अजंठा सिनेटोनमध्ये चित्रपट काढत होते. जर्मनीत चित्रपटकला शिकून आलेले हे दिग्दर्शक पुढे फिल्म्स डिव्हिजनचे पहिले प्रमुख झाले. त्यांच्यामुळे कॉफमन यांना चित्रपटसंगीताचे काम मिळाले. शहरात पारशी, युरोपियन आणि गोवेकर मंडळींचा पाश्चात्त्य संगीताचा छोटा पण जाणता श्रोतृवर्ग होता. गोव्याच्या चर्चशाळांत लहानपणीच स्टाफ नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकलेली मुले मुंबईत येऊन हॉटेलांच्या बँडांत, मूकपटांच्या थिएटरांत आणि नंतर बोलपटांच्या स्टुडिओत पोट भरत होती. या शहरात पाश्चात्त्य वाद्यवृंद उभा राहू शकला तो मुख्यतः या गोवेकर वादकांच्या जिवावर, ही गोष्ट आपल्या संगीतेतिहासात अजून नीट लिहिली गेलेली नाही.

आल्या वर्षीच कॉफमन यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. पियानोवर ते स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर एडिजिओ व्हेर्गा हे इटालियन वादक, असा तिचा गाभा होता. हे मेहली मेहता म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम होई. मे १९३७ पर्यंत म्हणजे सुमारे तीन वर्षांत असे १३६ कार्यक्रम झाले. तालमी, नोटेशनच्या प्रती, आजारी वादक, मुंबईच्या पावसाळ्यात सुटणारे सरस आणि उतरणाऱ्या तारा हे सारे सांभाळून दर आठवड्याला नवा कार्यक्रम उभा करणे किती जिकिरीचे आहे, हे ज्याने एखादे संगीत मंडळ चालवले आहे त्यालाच कळेल.

कॉफमन वॉर्डन रोडला, महालक्ष्मीच्या देवळापासून जवळच राहत. पत्नी गेर्टी ही फ्रांट्स काफ्का यांची भाची, त्यांच्या धाकट्या बहिणींतल्या थोरलीची मुलगी. काफ्का यांच्या तिन्ही बहिणी पुढे नाझींच्या छळछावण्यांच्या आणि वस्त्यांच्या यंत्रणेत मारल्या गेल्या. एक भाची मुंबईत होती म्हणून वाचली. त्या दशकात मुंबईने अशा अनेकांना थारा दिला. कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन, चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर ही नावे प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या संदर्भात आपण वाचतो. बर्लिनचे नामवंत संपादक विली हास १९३९ मध्ये इथे आले आणि भवनानींसाठी पटकथा लिहू लागले. चित्रकलेच्या इतिहासाने आपल्या निर्वासितांची नोंद घेतली. संगीताच्या इतिहासाने तेवढी घेतली नाही.

आता रेडिओविषयी. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी एका खासगी कंपनीने सुरू केले. ती कंपनी तीन वर्षांत बुडाली, मग सरकारने प्रसारण हाती घेतले आणि जून १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. बीबीसीतून आलेले लायनेल फील्डेन हे त्याचे प्रमुख होते. १९३७ साली कॉफमन मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. पदाचे नाव भारदस्त असले तरी ऐकणारे किती होते? १९३९ अखेर साऱ्या हिंदुस्थानात रेडिओचे परवाने लाखाच्याही आत होते. त्यातही बेथोव्हन ऐकणारी घरे किती असतील, याचा अंदाज वाचकाने करावा.

पण कामाचे मोल श्रोत्यांच्या संख्येवर ठरत नसते. तेव्हा ध्वनिफीत आली नव्हती. स्टुडिओतला कार्यक्रम थेट जायचा. वादक जमवायचे, त्यांना झेपेल अशा बेताने मूळ रचनेची मांडणी बदलायची, तालीम घ्यायची, घड्याळाच्या काट्यावर सुरू करायचे आणि काट्यावरच संपवायचे. चूक झाली तर ती झालीच, पुसायची सोय नाही. उरलेल्या वेळात ध्वनिमुद्रिकांचे कार्यक्रम, निवेदने, भाषणे. कॉफमन यांनी या माध्यमासाठी खास रचनाही केल्या. ‘अनसूया’ हा त्यांचा रेडिओ-ऑपेरा १९३८ साली मुंबई केंद्रावरून प्रसारित झाला. हिंदुस्थानी विषय, पाश्चात्त्य स्वररचना आणि डोळ्यांना काहीही न दाखवणारे माध्यम अशा तिहेरी अडचणीतून केलेला हा प्रयोग आहे आणि त्याला या पुस्तकात वेगळे प्रकरण दिले आहे. नऊ वर्षांतले बाकीचे बहुतेक काम हवेत विरून गेले. प्रसारकाच्या धंद्यातला हा तोटा आहे. लेखकाचे पुस्तक उरते, प्रसारकाची संध्याकाळ उरत नाही.

उरली ती धून. तिच्याविषयी नेमके बोलणे आवश्यक आहे, कारण तिच्याभोवती दंतकथा फार जमल्या आहेत. ती शिवरंजनीच्या अंगाने जाते. षड्ज, ऋषभ, कोमल गंधार, पंचम आणि धैवत एवढ्याच स्वरांचे तिचे शरीर आहे. खाली तंबोरा, वर व्हायोलिन, जोडीला चेलो. व्हायोलिन मेहली मेहतांचे आहे असे परंपरेने मानले जाते, आणि कॉफमन यांच्याच एका सोनाटातून ती घेतली असेही सांगितले जाते. तिचे साल १९३६ असे सर्रास छापले जाते. कॉफमन मात्र नोकरीला लागले १९३७ साली. श्रेय इतरांनाही दिले गेले आहे. अंतर्गत पुरावा, म्हणजे वाद्यांची निवड आणि आपल्या स्वरांना दिलेली चेंबर म्युझिकची शिस्त, कॉफमन यांच्याकडेच बोट दाखवतो आणि मीही ती त्यांचीच मानतो. पण वाचकाने या प्रश्नाला अवाजवी महत्त्व देऊ नये. ती धून त्यांची नसती तरी हे चरित्र लिहिण्याजोगेच होते.

त्याच संस्थेत, त्याच काळात दिल्लीला आणखी एक युरोपियन संगीतकार होता. जॉन फौल्ड्स. हा इंग्रज रचनाकार १९३५ साली हिंदुस्थानात आला, दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला आणि एप्रिल १९३९ मध्ये कलकत्त्याला पटकीने गेला. त्याने हिंदुस्थानी वादकांचा वाद्यवृंद बांधला. त्याने आपल्या गाण्यातल्या हार्मोनियमवर जोरदार टीकाही लिहिली. मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला जी बंदी आली, तिच्या पार्श्वभूमीत अशा लेखनाचा वाटा होता. अर्थात सारा दोष फौल्ड्सवर टाकणे अन्यायाचे होईल. खुद्द रवींद्रनाथांना ही पेटी नको होती. पण ज्या महाराष्ट्राने गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकली होती, त्याला ही बंदी तीन दशके सोसावी लागली. फौल्ड्स आणि कॉफमन यांना शेजारी ठेवून पाहिले की, परक्या संगीताकडे जाण्याच्या दोन रीती दिसतात. एकाला ते संगीत सुधारायचे होते, दुसऱ्याला आपला कान. दोघेही प्रामाणिक होते, दोघेही गुणी होते. इतिहासाने मात्र दुसऱ्याची रीत अधिक टिकाऊ ठरवली.

लेखक कॉफमन घडले तेही इथेच. १९४१ साली न्यूयॉर्कच्या ‘म्युझिकल क्वार्टर्ली’त त्यांनी गोंड आणि बैगा यांच्या गाण्यांवर लेख लिहिला. पुढे बस्तरच्या मुरिया आणि डोंगरी माडियांच्या गाण्यांवरही लिहिले. माडियांची वस्ती आपल्या गडचिरोलीतही आहे, आणि त्यांच्या गाण्याकडे संगीत म्हणून पाहणारे लेखन मराठीत तेव्हा जवळपास नव्हते. रागसंगीताकडे आलेला हा माणूस आदिवासींच्या गाण्यालाही त्याच गांभीर्याने स्वरलिपीत उतरवत होता, हे विशेष.

त्यांचा मुख्य ग्रंथ ‘द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया’ १९६८ साली इंडियाना विद्यापीठाने प्रकाशित केला. शेकडो राग भातखंड्यांच्या दहा थाटांप्रमाणे लावून त्यांचे आरोह-अवरोह, वादी-संवादी आणि खास स्वरसंगती स्टाफ नोटेशनमध्ये मांडल्या आहेत. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे. वाळकेश्वरला जन्मलेले विष्णू नारायण भातखंडे १९ सप्टेंबर १९३६ रोजी मुंबईतच वारले, म्हणजे त्यांच्या अखेरच्या दोन-अडीच वर्षांत कॉफमन त्याच शहरात राहत होते. भातखंड्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ आणि क्रमिक पुस्तके मराठीत आहेत. पाश्चात्त्य विद्यापीठांत एका पिढीने ज्या इंग्रजी ग्रंथावरून राग ओळखायला घेतले, त्याचा पाया मराठी गद्यात घातला गेला होता. ही ऋणाची साखळी आपण सांगितली नाही तर दुसरे कोणी सांगणार नाही.

या ग्रंथाच्या मर्यादा मी झाकलेल्या नाहीत. पाच रेघांच्या लिपीत दरबारीच्या कोमल गंधाराचे आंदोलन मावत नाही, मींड कुठून निघाली आणि कुठे विरली ते कागदावर कळत नाही. दहा थाटांच्या चौकटीत न बसणारे राग त्यात अवघडून बसतात. आपल्या गायकांना हा ग्रंथ कोरडा वाटला तर त्यांना दोष देता येणार नाही. पण तो गायकांसाठी लिहिलेलाच नव्हता. ज्याने राग कधी ऐकला नाही, अशा नोटेशन वाचणाऱ्या माणसाला दारापर्यंत आणून सोडणे, एवढीच त्याची प्रतिज्ञा होती आणि ती त्याने पाळली.

याच शहरात उलट दिशेने चाललेला एक प्रवासीही होता. गिरगावात ऑपेरा हाउसजवळ संगीत विद्यालय चालवणारे प्रा. बी. आर. देवधर. पलुस्करांचे शिष्य असूनही त्यांनी पाश्चात्त्य संगीताचे रीतसर शिक्षण घेतले आणि पुढे ‘संगीत कला विहार’मधून आपल्या गायकांविषयी जिव्हाळ्याने आणि चिकित्सेने लिहिले. त्यांच्या लेखनातला मोकळा कान आणि कॉफमन यांच्या लेखनातला मोकळा कान यांचे साम्य मला फार मोलाचे वाटते. १९३०च्या दशकातली मुंबई अशी माणसे घडवत होती.

१९४६ मध्ये कॉफमन यांनी मुंबई सोडली. काही काळ लंडनला, मग कॅनडात हॅलिफॅक्सला. १९४८ साली विनिपेग सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन झाला तेव्हा त्याचे पहिले संगीत संचालक ते झाले. १९५७ पासून अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टन इथे इंडियाना विद्यापीठात वीस वर्षे शिकवले. ‘म्युझिकल नोटेशन्स ऑफ द ओरिएंट’ १९६७ साली, तिबेटी बौद्ध पठणावरचा ग्रंथ १९७५ साली, ‘द रागाज ऑफ साउथ इंडिया’ १९७६ साली. ज्या वयात माणसे निवृत्तीवेतनाचा हिशेब करतात, त्या वयात त्यांनी कर्नाटक संगीताचे एवढे मोठे काम हातावेगळे केले. रचना चालूच होत्या. ‘मद्रास एक्सप्रेस’, ‘नवरत्नम्’, ‘इंडियन सिम्फनी’ ही नावेच त्या कुठून आल्या ते सांगतात. ९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टनला त्यांचे निधन झाले. त्यांची कागदपत्रे आणि हस्तलिखिते तिथल्याच विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात आहेत.

असा माणूस विस्मरणात का गेला? युरोपला तो सापडला नाही, कारण युरोपने त्याला हाकलले होते. युद्धानंतरच्या रचनाकारांना स्वरमेळ मोडण्याचा ध्यास होता, आणि पूर्वेच्या रागांवर गाणारी व्हायोलिने त्यांना जुनाट वाटली. अमेरिकेने त्याला अध्यापक म्हणून ओळखले, रचनाकार म्हणून नाही. आणि आपण? आपल्या इतिहासात घराण्याबाहेरच्या माणसाला बसायला जागाच नसते. गुरू कोण, बुवा कोण, गंडा कोणाचा, यांची उत्तरे नसतील तर नाव नोंदवायचे कुठे, हा प्रश्न पडतो.

अलीकडे हे चित्र बदलू लागले आहे. टोरोंटोच्या एआरसी एन्सेम्बलने त्यांच्या चेंबर रचनांची ध्वनिमुद्रिका २०२० मध्ये काढली. त्यातली मुंबईच्या काळातली चतुष्टके ऐकताना, दोन संगीतांची भेसळ करून गंमत करणारा माणूस इथे नाही, हे लगेच कळते. आपल्या रागांचे चलन त्यांनी युरोपीय रचनेच्या हाडामांसात उतरवले आहे. हे सर्वच ठिकाणी साधले आहे असे नाही. काही जागी राग निव्वळ रंग म्हणून उरतो, पण जिथे साधले आहे तिथे ते अव्वल दर्जाचे आहे.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात प्राग ते मुंबई हा प्रवास, दुसऱ्यात रेडिओची नऊ वर्षे, तिसऱ्यात ग्रंथ आणि रचना. तिसरा भाग थोडा तांत्रिक झाला आहे, तरी ज्याला थाट आणि आरोह-अवरोह एवढे कळते त्याला तो अवघड जाऊ नये. वाचकाला एकच विनंती आहे. पुस्तक उघडण्यापूर्वी कॉफमन यांची एखादी रचना मिळवून दोनदा ऐकावी. पहिल्यांदा ती परकी वाटली, तर लगेच मत बनवू नये. कॉफमन यांनी आपल्या गाण्याला जो न्याय दिला, तोच त्यांच्या संगीताला द्यावा. कार्ल्सबाडला जन्मले आणि ब्लूमिंग्टनला वारले तरी वॉल्टर कॉफमन हे मुंबईचे संगीतकार होते, आणि मुंबईच्या संगीताचा इतिहास त्यांच्यावाचून अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.